आगाऊ हप्ता

मी ग्लेना प्रेटर. हॅकर्स फोर्क गावच्या सरकारी बचाव-वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं पुढच्या टेबलावर बसते. वकील येतात, दोन-तीन वर्षांत पळतात, मी त्यांच्या निरोपाचा केक आणते. बेकरीवाली तर मला बघूनच विचारते, "आता कोण सुटलं?" रोवेना टॅकेटचा केक मात्र मी घरी करणार होते, वाळवलेल्या सफरचंदांचा, सात थरांचा. त्यासाठी तिचे एकशे वीस हप्ते पूर्ण व्हायची वाट बघत होते.

ते हप्त्यांचं प्रकरण आधी सांगून टाकते, कारण सगळं त्यावरच अडकलंय. रोवेना आमच्याच डोंगरातली. बाप हर्शेल जन्मभर कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करत होता. आई लवकर गेली. पोरगी हुशार निघाली, वकिलीचं शिक्षण घेतलं, सगळं सरकारी कर्जावर. आता ते फेडायचं कसं? तर पगाराच्या मानानं. दरवर्षी सप्टेंबरात पगाराचा कागद पाठवायचा, त्यावरून कर्जवाले हप्ता ठरवून देतात. गरिबांच्या खटल्यांसारख्या सरकारी नोकरीत राहून असे एकशे वीस हप्ते भरले, की उरलेलं सगळं माफ. स्वतःची वकिली काढली की मोजणी तिथंच थांबते. आणि हप्ता एवढासा, की त्यातून व्याजसुद्धा पुरतं जात नाही. दहा वर्षं भरून रोवेनाचं कर्ज घेतलं होतं त्याच्या दीडपट झालं होतं. माफी मिळाली तर सुटली, नाही मिळाली तर मेली, इतका साधा मामला.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी चांगली असेल तर राहावं की तिथंच. मंगळवारी सकाळी या कधी आमच्याकडे. एका सकाळी चाळीस माणसं. प्रत्येकाला कोर्टात उभं करायच्या आधी रोवेनाला सात मिनिटं मिळतात, त्यातली तीन तो माणूस आपल्या मेव्हण्याला शिव्या देण्यात घालवतो. पहिली काही वर्षं ती तावातावानं भांडायची. मग ल्यूथर नावाच्या एका पोराची केस आली. तो निर्दोष आहे हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, मला वाटतं जज्जसाहेबांनाही माहीत होतं. त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून रोवेना दर मंगळवारी कोर्टाच्या आधी बाथरूममध्ये जाऊन ओकते. मी दाराबाहेर आल्याचं सरबत घेऊन उभी असते. बाहेर आली की तोंड पुसते आणि म्हणते, "किती राहिले गं?" मी सांगते, "एकतीस." पुढच्या महिन्यात, "तीस." आमचं हे असं चालायचं.

आणि सुटून ती जाणार कुठं होती? लांब नाही, चौकापलीकडे. तिथं पहिल्या मजल्यावर एस्टिल व्हॅनहूज यांचं ऑफिस, पन्नास वर्षांचं. मृत्युपत्रं, जमिनीचे कागद, कुंपणाची भांडणं. "तिथं लोक भांडतात ग्लेना," रोवेना म्हणायची, "पण भांडून झालं की आपापल्या घरी जातात." व्हॅनहूजसाहेबांना पोरंबाळं नाहीत. बायकोचे गुडघे गेलेत, तिला घेऊन ते फ्लोरिडाला निघाले होते. ऑफिस, अशिलं, कपाटं, सगळं रोवेनालाच द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, तेही परवडेल अशा भावात, आणि हे हर्शेललाही ठाऊक होतं. अट एकच. नवीन वर्षाच्या आत ताबा घे, कारण जानेवारीत ते जाणार म्हणजे जाणार.

हप्ता दर महिन्याला मीच पोस्टात टाकायचे. एकदा बँकेनं तिच्या खात्यातून दोनदा पैसे काढले, तेव्हापासून तिचा त्या आपोआपच्या भानगडीवर विश्वास उडाला. एक तारखेला ती चेक लिहायची, मी तिकीट चिकटवायचे. बिलं मात्र बापाच्या घरी जायची, वर खोऱ्यात, कारण भाड्याची घरं बदलत राहिली आणि कायमचा पत्ता तोच राहिला. रविवारी जेवायला गेली की ती पाकिटं घेऊन यायची आणि बुटांच्या खोक्यात टाकायची. न फोडता! दुसऱ्यांचा कागद न् कागद वाचणारी बाई, पण स्वतःचं पाकीट बघितलं की तोंड फिरवायची. "आकडा ठाऊक आहे मला," म्हणायची, "वर्षभर तोच असतो. फोडून काय बघू, किती वाढलं ते?" मी शंभरदा म्हटलं, अगं, मोजणी बरोबर आहे का ते दरवर्षी विचारून घे. तर म्हणे, शेवटी एकदाच विचारू. मी गप्प बसले. तिथं गप्प बसायला नको होतं मी.

ऑगस्टात एकशे विसावा चेक गेला. पोस्टात टाकताना आम्ही दोघींनी पाकिटाला हात लावला, वेड्यासारख्या. सप्टेंबरात माफीचा अर्ज गेला. मी सफरचंदं वाळत घातली.

नोव्हेंबरात पत्र आलं. अर्जावर ऑफिसचा पत्ता होता म्हणून ते माझ्याच टेबलावर आलं. रोवेनानं उभ्याउभ्याच फोडलं, वाचलं, परत वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मोजलेले हप्ते, शहाण्णव.

"चूक आहे," ती म्हणाली. आवाज कोर्टातला. "चोवीस कमी धरलेत. आत्ता लाव फोन."

कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावणं म्हणजे नाकीनऊ. पावणेदोन तास आम्ही 'थांबा' म्हणून लावलेली तीच ती सुरावट ऐकली. मधे मी दोन माणसांना जामिनाचे कागद दिले, सँडविच खाल्लं, तरी सुरावट चालूच. शेवटी एक पोरगी आली, आवाजाला गोड.

"मॅम, तुमच्या खात्यावर सत्तावीस डिसेंबरला एक आगाऊ हप्ता आलेला दिसतोय. तीन वर्षं, दरवर्षी एक."

"आगाऊ? मी नाही भरला."

"भरलाय मॅम. त्यामुळे जानेवारीचं बिल आधीच भरलं गेलं. मग तुमचा जानेवारीचा चेक फेब्रुवारीला लागला, फेब्रुवारीचा मार्चला, असं सप्टेंबरात नवीन हप्ता ठरेपर्यंत. ज्या महिन्यात काही देणंच नाही, त्या महिन्यातला हप्ता मोजणीत धरत नाहीत. आठ महिने, तीन वर्षं."

"एक मिनिट. मी प्रत्येक महिन्याला पैसे दिलेत. वर आणखी जास्त आलेत. आणि जास्त आले म्हणून तुम्ही कमी मोजणार?"

"जास्त नाही मॅम. आगाऊ."

आगाऊ! आमच्या आईच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहादा असायचा, न विचारता मधे तोंड घालणाऱ्या पोरांसाठी. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोनच हिसकावणार होते. रोवेनानं हातानं थांबवलं.

"कुणी भरला तो?" तिनं विचारलं.

"पोस्टाची मनीऑर्डर आहे, मॅम. पाठवणाऱ्याचं नाव एच. टॅकेट."

पलीकडून ती पोरगी दोनदा "मॅम?" म्हणाली. मग मीच "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात थँक्सगिव्हिंग. माझी पोरं इंडियानाला असतात, यंदा येणार नव्हती, म्हणून मी रोवेनाबरोबर हर्शेलकडे जेवायला निघाले. गाडीत ती म्हणाली, "सांगणार आहे मी त्याला. सरळ सांगणार."

"सांगच," मी म्हटलं. "नाहीतर या नाताळात पुन्हा भरेल."

हर्शेलनं हरणाचं मटण केलं होतं, राजम्यासारख्या घेवड्याचं कालवण, मक्याची भाकरी. नाकाला ऑक्सिजनची नळी, फुप्फुसात खाणीची धूळ, तरी चुलीपासून हटायला तयार नाही. "बसा गं, वाढतो. मी काय मेलोय का अजून?" जेवण झालं. रोवेनानं घसा खाकरला. आणि तेवढ्यात हा माणूस उठला, फडताळातून कॉफीचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"उघड."

आत तीन पावत्या होत्या, पोस्टाच्या, नीट घडी घातलेल्या.

"तुला कळू द्यायचं नव्हतं," तो म्हणाला. "डिसेंबरात तुझ्या बिलाचं एक पाकीट मी ठेवून घ्यायचो, त्यातला खालचा तुकडा फाडून पैशांबरोबर पाठवायचो. खाणीची भरपाई सुरू झाली ना, तेव्हापासून दर नाताळाला एक. आता तुला सांगतो, कारण या वर्षी एकानं भागवायचं नाही. मी ट्रक विकला."

"ट्रक विकलास?" मीच ओरडले. त्या ट्रकच्या इंजिनाला तो पोराबाळांसारखा जपायचा.

"चालवायला दम कुठाय? बारा महिन्यांचे हप्ते एकदम भरतो. सोमवारी शेजाऱ्याच्या गाडीतून पोस्टात जातोय." मग तो रोवेनाकडे वळला. "माझी आजी, पोरी, खाणमालकाच्या दुकानात सामान घ्यायची. सगळं खोरं त्या दुकानाचं देणेकरी, पगार हातात यायच्या आधीच संपलेला. आजी तेवढी एक महिना पुढे असायची. मीठ-भाकरी खायची, पण एक महिना पुढे. संप झाला तेव्हा दुकानानं सगळ्यांचं बंद केलं. आम्ही मात्र जेवलो. वेळेवर भरणारा नुसता भरतच राहतो. एक महिना पुढे असलेल्याला कुणी हात लावत नाही. ध्यानात ठेव."

दम लागला त्याला. खुर्चीचा हात धरून तो श्वास घेत राहिला, आणि आम्ही दोघी त्या नळीचा आवाज ऐकत बसलो.

"तुझ्यासाठी कधी काही करता आलं नाही मला," तो म्हणाला. "हे एवढं केलं."

मी रोवेनाकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं. आता सांगणार, मला वाटलं, आणि खरं सांगते, मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"डॅडी," ती म्हणाली, "पोस्टात जाऊ नकोस. माफ झालं."

"काय?"

"कर्ज. माफ झालं. पत्र आलंय." आणि तिनं पर्समधून तेच पत्र काढून त्याच्यासमोर धरलं, ते शहाण्णववालं!

हर्शेलला चष्म्यावाचून अक्षर दिसत नाही आणि चष्मा लावूनही फार दिसत नाही. त्यानं वरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग तो रडायला लागला. मी त्या माणसाला बायकोच्या दफनाच्या दिवशीही रडताना पाहिलं नव्हतं.

"माझे ते तीन," तो म्हणाला, "लागले ना उपयोगी?"

"लागले, डॅडी."

"खरं सांग."

"तेच लागले," रोवेना म्हणाली.

त्यानं पत्राची घडी घातली आणि बायबलमध्ये ठेवायला निघाला. रविवारी चर्चमध्ये उठून सांगणार म्हणे सगळ्यांना, आणि पाद्रीबाबांकडून हे मोठ्यानं वाचून घेणार! मी लगेच हात पुढे केला. "आण ते इकडे हर्शेल. सरकारी कागद आहे, ऑफिसात फाइलला लावायचाय. हरवलास तर पोरीला परत सगळं भरायला लावतील." त्यानं घाबरून ताबडतोब दिलं. बावीस वर्षांत ऑफिसासाठी एवढं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते.

परतताना वळणावर रोवेनानं गाडी थांबवली.

"अगं, काय करून बसलीस?" मी म्हटलं. "दोन वर्षं गेली तुझी! व्हॅनहूज थांबणार आहेत का दोन वर्षं?"

"त्यानं ट्रक विकला, ग्लेना."

"म्हणून?"

"म्हणून त्याला काय सांगू? तू जन्मात मला एकच गोष्ट दिलीस आणि तिनंच माझा गळा धरलाय? किती दिवस राहिलेत त्याचे? हे घेऊन जाऊ दे त्याला?"

तिनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

बिलांचा पत्ता तिनं दुसऱ्याच दिवशी बदलून ऑफिसचा केला. व्हॅनहूजसाहेबांकडे स्वतः गेली, खरं ते सांगितलं आणि दोन वर्षं मागितली. ते भले गृहस्थ, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण बायकोचे गुडघे दोन वर्षं थांबणार नव्हते. माफीशिवाय कुठली बँक हिला ऑफिस घ्यायला पैसे देणार? आणि घेतलं तरी मोजणी शहाण्णवच्या थोडी पुढे जाऊन कायमची बंद. डिसेंबरच्या मध्यावर लेक्सिंग्टनच्या एका तरुण वकिलानं ते ऑफिस घेतलं. मी त्या माणसाला अजून नीट "गुड मॉर्निंग" म्हटलेलं नाही. त्याचा काही दोष नाही, तरी नाही म्हटलेलं.

हर्शेलनं चर्चमध्ये सांगायचं ते सांगितलंच. गावभर झालं. किराणा दुकानात बायका रोवेनाचे हात धरून अभिनंदन करायच्या आणि ती मान डोलवत उभी राहायची. मला सांगा, यापेक्षा तुरुंग काय वेगळा असतो?

नवीन वर्षाचा पहिला मंगळवार. पुढच्या खोलीत वीसेक माणसं, रोवेना बाथरूममधून नुकतीच बाहेर आलेली. आणि दारात हर्शेल! हातात चाकांची ऑक्सिजनची नळकांडी, काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी. आमच्या ऑफिसला चौदा पायऱ्या आहेत. त्याला बोलता येईना. मी खुर्ची दिली, तिथल्याच एका आरोपीनं पाणी आणून दिलं.

"एस्टिलच्या ऑफिसला गेलो होतो," दम खात तो म्हणाला. "तिथं काचेवर भलत्याच माणसाचं नाव रंगवतायत."

रोवेना आपल्या खोलीच्या दारात उभी होती. सगळी खोली ऐकत होती.

"मी नाही घेतलं ते, डॅडी. इथंच राहायचं ठरवलं."

"इथं?" त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "दर मंगळवारी ओकतेस ना तू? ग्लेना म्हणाली होती मला."

माझीच जीभ! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

"आता नाही ओकत," रोवेना म्हणाली.

"कुणी अडकवून ठेवलंय का तुला? खरं सांग. कुणाचं काही देणं राहिलंय?"

सांग, मी मनात म्हणत होते, अगं बाई, आता तरी सांग. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेनं माझंही तोंड शिवलं.

"कुणाचं काही नाही राहिलं. तूच नाही का फेडलंस? माझ्या मर्जीनं राहतेय. या लोकांना कोण आहे, डॅडी?"

हर्शेलचा चेहरा हळूहळू उजळला. मघा पाणी आणून दिलेल्या त्या आरोपीला तो म्हणाला, "ऐकलंस? बाहेर पडायला दार उघडं आहे हिला, तरी थांबलीय. तुमच्यासाठी." त्या माणसानं टोपी काढली.

मग त्यानं काखेतला कागद सोडला. पितळेची पाटी. ट्रकच्या पैशांतली. 'रोवेना टॅकेट, वकील.' अक्षरं खोल कोरलेली, चकचकीत.

"एस्टिलच्या दारासाठी केली होती. आता इथंच लावू. स्क्रू ड्रायव्हर आहे का गं ग्लेना?"

होता माझ्या ड्रॉवरमध्ये. नाही म्हणावं असं क्षणभर वाटलं, पण दिला. रोवेनाला त्यानं खोलीत जायला सांगितलं, दार आतून धरून ठेव म्हणाला, हलता कामा नये. चार स्क्रू. एकेक फिरवायचा, थांबून श्वास घ्यायचा, परत फिरवायचा. मी मदतीला गेले तर हात झटकला, चाळीस वर्षं यंत्रं आवळली आहेत म्हणाला. वीस माणसं आपापल्या केसची वाट बघत बसली होती आणि एकानंही कुरकुर केली नाही.

शेवटचा स्क्रू पुरता बसल्यावर त्यानं पाटीला दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिलं.

"घट्ट बसलीय, पोरी," दाराकडे तोंड करून तो म्हणाला. "आता नाही निघत."

"हो, डॅडी," आतून रोवेना म्हणाली.

मी स्क्रू ड्रायव्हर परत ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथं तिचा जानेवारीचा चेक होता, पाकिटात, तिकीट लावलेला. पोस्टात टाकायला उशीर झाला होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि पहिल्या माणसाला नाव विचारलं.